'मन खंबीर ठेव' हे वाक्य आता पुरे करा!

गेल्या दसऱ्याला आमच्याकडे बरीच मंडळी जमली होती. दसऱ्यानंतर आमच्या रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. त्यामुळे मुंबई-पुण्याकडचे नातेवाईक दसऱ्याला आले की पालखी करूनच परत जातात. पालखी रात्रभर गावात फिरते, आणि त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपत नाही. फक्त एक जण झोपतो. माझा भाचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा. दहा वाजता त्याने सगळ्यांना सांगितलं, गोळी घेतली, आतल्या खोलीचं दार लावलं आणि झोपला.

मग बाहेर ओटीवर जे सुरू झालं ते असं. "चौतीस वर्षांचा बाप्या आणि पालखीला झोपतो!" "त्या गोळ्यांनी सुस्त करून ठेवलाय त्याला." "सात वर्षं झाली ना आता? चांगला धडधाकट दिसतोय की. सोड म्हणावं त्या गोळ्या." आणि शेवटी आमच्या नात्यातल्या एका ज्येष्ठांचा निकाल: "मन खंबीर असलं ना, की असलं काही होत नाही माणसाला."

मी तेव्हा काहीच बोलले नाही. चहा टाकायला म्हणून आत निघून गेले. छत्तीस वर्षं वर्गात बडबड करून पोट भरलेल्या बाईने नेमकं तेव्हा गप्प बसावं, याची मला लाज वाटते. म्हणून हा लेख. ओटीवर जे बसले होते त्यांच्यातले बरेच जण हे वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितेय. भाच्याची परवानगी घेतली आहे. "मावशी, लिही बिनधास्त, फक्त नाव नको," असं तो म्हणाला.

त्याला बायपोलर डिसऑर्डर आहे. मराठीत द्विध्रुवीय विकार म्हणतात. पूर्वी मॅनिक डिप्रेशन म्हणत. कधी माणूस इतका वर जातो की झोप लागत नाही, नव्हे, झोपेची गरजच वाटत नाही. बोलणं थांबत नाही, पैसे पाण्यासारखे जातात, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. आणि कधी इतका खाली येतो की उठून दात घासणं हासुद्धा डोंगर वाटतो. कधी कधी तर दोन्ही एकदमच असतं, मन तळाला आणि अंगात मात्र वरची धग. ही अवस्था सगळ्यांत धोक्याची. डॉक्टर या आजाराला घाबरतात ते कशाला, तर बायपोलर असलेल्या माणसांमध्ये आत्महत्येने मरण्याचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा वीस ते तीस पट आहे. पुन्हा वाचा. वीस ते तीस टक्के नाही, पट.

आता एवढा मोठा फरक मनाच्या कमकुवतपणामुळे पडतो, असं आपलं म्हणणं आहे का? जगभरातली नेमकी हीच माणसं एकजात लेचीपेची निघाली?

मी बी.ए. झाले मराठी घेऊन. डॉक्टरीतलं मला कळत नाही. पण पाचवी-सहावीला विज्ञानाचे तास घ्यावे लागत, त्यामुळे मज्जासंस्थेचा धडा मी बरीच वर्षं शिकवला आहे. (हल्लीच्या पुस्तकांत चेतासंस्था म्हणतात.) त्यात एक भाग असतो, आपल्या इच्छेला न विचारता काम करणाऱ्या मज्जांचा. त्यातल्या काही मज्जा धोका दिसला की शरीराला पळायला सज्ज करतात, काही धोका टळला की शांत करतात. हृदयाचे ठोके, घाम, पचन, सगळं त्यांच्या हातात. आपण फक्त 'माझं हृदय' म्हणून मिरवायचं.

आपल्याला वाटतं की निरोगी हृदय घड्याळासारखं ठोके देतं. तसं नाही. श्वास घेताना ठोके किंचित भराभर पडतात आणि सोडताना किंचित सावकाश. हा जो बारीक चढउतार असतो तो शरीर परिस्थितीशी जुळवून घेत असल्याची खूण आहे. बायपोलर असलेल्यांमध्ये हा चढउतार इतरांपेक्षा कमी असतो, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. आता सांगा, दोन ठोक्यांमधलं अंतर खंबीरपणाने कमीजास्त करता येतं का?

दुसरी गोष्ट तर याहून चकित करणारी आहे. माणसाच्या बोटांना इलेक्ट्रोड लावायचे आणि कानांत एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा. पहिल्यांदा आवाज आला की बोटांना अगदी सूक्ष्म घाम येतो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. मग हळूहळू सवय होते आणि घाम येणं थांबतं. स्वीडनमधले लार्स-हाकन थोरेल हे संशोधक १९८०च्या दशकापासून याच्या मागे लागलेले आहेत. नैराश्याच्या काही रुग्णांमध्ये ही सवय फारच लवकर होते, म्हणजे बाहेरून काही आलं तरी शरीर त्याची दखल घेईनासं होतं. आणि ज्यांनी पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, त्यांच्यात असे रुग्ण जास्त निघाले. २०१३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलरच्या नैराश्यातही ही गोष्ट असल्याचं मांडलं. त्याच्याही आधी, १९७६ साली, स्टॉकहोममध्ये मारी ऑसबर्ग या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी नैराश्याच्या रुग्णांचं पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं होतं. सिरोटोनिन नावाचं जे रसायन मज्जापेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात, त्याचा शरीरात मोड होऊन उरणारा पदार्थ ज्यांच्यात कमी होता, त्यांच्यात जीव द्यायचे प्रयत्न जास्त झालेले दिसले.

बोटाचा घाम आणि कण्यातलं पाणी यांना उपदेश करून बघा एकदा!

याचा अर्थ सगळं कोडं सुटलंय असा नाही. कर्ज असतं, दारू असते, घरातली भांडणं असतात, नोकरी जाते. या गोष्टींचा भार पडतोच. पण भार कोणावर पडतोय हेही बघायचं की नाही? पायाचं हाड मोडलेल्या माणसाला आपण पायरी चढायला लावत नाही, आणि तो पडला तर पायरीला दोष देत नाही. इथे मात्र पोलिसांच्या कागदावर 'कौटुंबिक समस्या' असं लिहिलं जातं आणि फाइल बंद होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. आणि कारणांत सर्वांत वर, ३१.७ टक्के, 'कौटुंबिक समस्या'. त्या दोन शब्दांखाली किती जणांचा न ओळखलेला आजार गाडला गेला असेल?

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाहीये. मीही त्या ओटीवरचीच आहे. माझी गोष्ट ऐका.

१९८३ साली आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. स्नेहसंमेलन आलं की त्यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. रात्र रात्र जागून पडदे रंगवायचे. एका वर्षी तर शाळेची अख्खी भिंत त्यांनी स्वतःच्या पैशांनी रंग आणून चार रात्रींत रंगवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी सत्कार केला. मग पुढचे दोन महिने सर रजेवर. परत आले की फळ्याकडे तोंड करून उभे. आम्ही म्हणायचो, कलावंत माणूस, लहरी असायचाच. असं आठ-नऊ वर्षं चाललं होतं. एकदा मधल्या सुट्टीत ते मला म्हणाले, "बाई, मला हल्ली कशाचाच काही अर्थ वाटत नाही. रात्री फार वाईट विचार येतात." मी काय म्हणाले असेन? "सर, मन खंबीर ठेवा. तुमच्याकडे बघून मुलं शिकतात."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. का काढतील? मी दार लावून घेतलं होतं. महिन्याभरात ते गेले. शाळेच्या फळ्यावर आम्ही सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अल्पशा आजाराने निधन'. नऊ वर्षांचा आजार आणि आम्ही त्याला अल्पसा म्हटलं! तेही खोटं बोलताना, म्हणजे आजार होता हे खरं मानून नव्हे. ती अक्षरं माझी होती. माझं अक्षर चांगलं म्हणून मला लिहायला सांगितलं होतं.

'मन खंबीर ठेव' हे वाक्य इतकं सोपं का वाटतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ते आपण समोरच्यासाठी बोलतच नाही. ते बोललं की आपली सुटका होते. आपण धीर दिला, आपलं काम संपलं. आणि ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आपल्यात काहीतरी कमी आहे आणि ते यांना दिसलं आहे. आधीच बुडणाऱ्याला आणखी एक अपराध चिकटवून आपण मोकळे.

आता 'सोड त्या गोळ्या' या सल्ल्याकडे येते.

भाचा लिथियम घेतो. लिथियम म्हणजे काही नवीन फॅशनेबल औषध नाही. जमिनीत सापडणारं साधं मूलद्रव्य. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी उन्मादाच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं आणि गुण आला. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की ते नियमित घेतलं तर आजाराचे झटके परत येणं कमी होतं. या शाऊंच्या सख्ख्या भावालाच हा आजार होता. घरात दुखणं असलं की माणूस ओटीवर बसून निकाल देत नाही, कामाला लागतो, एवढंच मी त्यातून घेतलं. आज हे औषध भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. महागही नाही.

२०१३ साली ४८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्या बऱ्याच कमी झाल्याचं दिसलं. नंतर २०२१ साली अमेरिकेत माजी सैनिकांवरच्या एका मोठ्या चाचणीत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तज्ज्ञांची चर्चा चालू आहे, ती चालावी. पण एका बाबतीत दुमत नाही. चांगलं लागू पडलेलं लिथियम आपल्या मनाने एकदम बंद केलं, तर आजार उलटण्याचा आणि जिवाचा धोका वाढतो, आणि पहिलं वर्ष त्यात सर्वांत वाईट. कमी करायचंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

म्हणजे ओटीवरचं ते "सोड म्हणावं आता" हे वाक्य म्हणजे काय होतं, कळलं का? आपल्यापैकी कोणी मधुमेह्याला म्हणतं का, की साखर सात वर्षं आटोक्यात आहे, आता इन्शुलिन सोड? तो बरा दिसतोय तो गोळ्या घेऊनसुद्धा नव्हे, गोळ्या घेतो म्हणून!

गोळ्यांचा त्रास नाही असं मी म्हणत नाही. त्याचा हात थरथरतो, चहाची बशी वाजते. तहान फार लागते. वजन वाढलंय. लिथियमने थायरॉइड आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. औषध रक्तात कमी असून चालत नाही आणि जास्त झालं तर विषारी. तो हे सगळं सांभाळतो, वहीत लिहून ठेवतो. खंबीरपणा बघायचाच असेल तर तो त्या वहीत बघा.

आणि नातेवाइकांना मदतच करायची असेल तर ती अशी. त्याचं अंग दुखलं की आपल्या गुडघ्याची गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. त्याला अळणी उपास करायचा आग्रह करू नका, मीठ एकदम कमी झालं तरी तेच होतं. वैशाखाच्या उन्हात घामाघूम झाला, किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. एवढं केलंत तरी शंभर उपदेशांपेक्षा जास्त.

आता पालखीचं. या आजारात झोप फार मोलाची. वर जाण्याची पहिली खूण पुष्कळदा झोप कमी होणं हीच असते, आणि झोप मोडणं हेच वर ढकलायला पुरेसं होऊ शकतं. भाचा धाटावच्या एका कारखान्यात आहे. पहिले दोन झटके आले ते रात्रपाळीच्या दिवसांतच. कंपनीने खूप खळखळ केली, पण शेवटी डॉक्टरांच्या पत्रावर दिवसपाळी दिली. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो, हे त्या वेळी आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. तर असा हा मुलगा वर्षातल्या सगळ्यांत गजबजलेल्या रात्री, बाहेर ढोल वाजत असताना, आपली माणसं हसत असताना, उठून झोपायला जातो. त्याला पालखी आवडत नाही असं वाटतं का तुम्हांला? लहानपणी तो तिच्या पुढे नाचायचा. देव काही त्याच्यावर रागावणार नाही. माणसंच रागावतात.

मध्यंतरी पुण्याच्या एका नातवाने मला सांगितलं, "आजी, आता घड्याळंच ठोके मोजतात, झोप मोजतात. ते आधीच सांगतील कोणाला धोका आहे ते." मला यंत्रांचं वावडं नाही. झोप कमी झाल्याचं घड्याळाने दाखवलं तर बरंच आहे. पण वर सांगितलेल्या सगळ्या खुणा शेकडो माणसं एकत्र पाहिली की दिसतात. एका माणसाचं बोट धरून, हा उद्या जीव देईल की नाही, हे सांगणारी चाचणी आज जगात नाही. शिवाय औषधांनीही ते ठोक्यांचे आकडे बदलतात. तेव्हा घड्याळ हिरवं दाखवतंय म्हणून निर्धास्त राहणं हा मूर्खपणा ठरेल. यंत्र मोजेल, पण "काल रात्री काय विचार येत होते?" हे विचारायला माणूसच लागतो.

पण आपण विचारत नाही. कारण आपल्या डोक्यात हा आजार नसून गुन्हा आहे. शब्दच बघा ना, आत्म-'हत्या'. कायद्यानेही तो कित्येक वर्षं गुन्हाच मानला. मुंबईचा एक पोलीस शिपाई, मारुती श्रीपती डुबल. स्किझोफ्रेनियाने आजारी. हा आजार वेगळा, पण प्रश्न तोच. बायकोला छोटासा धंदा टाकायला परवानगी मिळावी म्हणून तो १९८५ साली महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेला. भेट होईना तेव्हा तिथेच त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला, आणि त्याच्यावर कलम ३०९ लागलं. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे पाटील यांनी, ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. अशा माणसाला तुरुंग नव्हे, उपचार हवेत, असा त्या निकालाचा रोख होता. आपल्या मराठी मुलखातल्या एका शिपायामुळे हे झालं, पण आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली, पण १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कलम पुन्हा वैध ठरवलं. शेवटी २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, कलम ११५ प्रमाणे, असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याच्यावर उपचार करायचे असं ठरलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ राहिलं नाही. मात्र सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न केला तर शिक्षा, असं कलम २२६ त्यात आहे. डुबल आज त्या कार्यालयाबाहेर उभे असते तर? मला तरी प्रश्न पडतो.

कायदा निदान हलला. आपण हललो का? १४ जून २०२० आठवा. मुंबईत सुशांतसिंह राजपूत हा नट गेला. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी त्या ऑगस्टमध्ये सांगितलं, की त्याला बायपोलर डिसऑर्डर होता आणि त्यावर उपचार चालू होते. झालं! देशभर या आजाराबद्दल बोलायची एवढी मोठी वेळ पुन्हा आली नसती. त्याऐवजी महिनोन्‌महिने टीव्हीवर काय चाललं? कोणी मारला, कोणी विष घातलं, कोणी काळी जादू केली. एम्सच्या डॉक्टरांच्या समितीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुनाची शक्यता फेटाळली. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या खटलेबाजीवर कडक ताशेरे ओढले. मार्च २०२५मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. पण आमच्या ओटीवर आजही विचारा, "त्याला मारलाच" म्हणणारे निघतील. हसता-खेळता, पैसेवाला, देखणा माणूस आजाराने मरू शकतो, हे आपल्याला पटतच नाही. कोणीतरी दोषी हवा असतो. दुसरा कोणी सापडला नाही की मेलेल्यालाच दोषी करायचं. भित्रा होता, पळपुटा होता.

आणि सरकारचं काय विचारता? निम्हान्सने २०१५-१६ साली देशाचं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बायपोलर असलेल्या दहातल्या सुमारे सात जणांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात निघालं. ते बारा राज्यांत झालं, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. आत्महत्यांत पहिला नंबर, आणि मोजणीत नाव नाही!

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते.

विचारा. सरळ शब्दांत विचारा. "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे, हे अभ्यासांनी दाखवलेलं आहे. उलट माणसाला हायसं वाटतं. 'हो' म्हणाला तर भाषण करू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच्या डॉक्टरांना फोन करा. डॉक्टर नसतील तर शेजारी बसून १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. आपल्या जिल्ह्यात अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं. कोणी 'ठाण्याला न्या' असं कुजबुजलं तर लक्ष देऊ नका. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. तेव्हापासून आपण ते नाव शिवीसारखं वापरतोय, याची लाज आपल्याला वाटायला हवी, तिथे उपचार घेणाऱ्याला नव्हे.

आणि माणूस रुग्णालयातून घरी आला की पेढे वाटून मोकळे होऊ नका. घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे-महिने सगळ्यांत धोक्याचे असतात. आपण नेमकं तेव्हाच भेटायला जाणं थांबवतो, कारण 'आता बरा झाला'. डब्यात भाकरी-पिठलं घेऊन तेव्हा जा. काही बोलू नका हवं तर. नुसते बसा.

माझ्या बहिणीला या सात वर्षांत कितीतरी जणांनी विचारलं, "मुलाचं लग्न कधी?" एकानेही विचारलं नाही, "तू झोपतेस का नीट?" तिला विचारा.

चित्रकलेच्या सरांना मी आता काही देऊ शकत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी एवढंच म्हणायला हवं होतं, "कसले विचार येतात, सर? बसा, सांगा." दहा मिनिटं होती माझ्याजवळ. घंटा व्हायला वेळ होता.

यंदाही दसऱ्याला सगळ्यांनी या. पालखीला रांगोळी काढायला हात हवेतच. भाचा दहा वाजता झोपायला जाईल. त्या वेळी ओटीवरचा आवाज जरा कमी ठेवा, आणि ज्याच्या तोंडी खंबीरपणाचं वाक्य येईल त्याने माझ्याकडे बघून बोलावं. या वेळी मी चहा टाकायला आत जाणार नाही.